मागे पाहणारा डोळा

फार फार वर्षांपूर्वी सिंधू नदीच्या काठी लालबेला नावाचं नावाड्यांचं गाव होतं. तिथल्या बख्तावरनं लाहोरला जाऊन चित्रकला शिकली, मोठ्या शहरांत नाव काढलं आणि एक दिवस सामान बांधून ती सरळ गावी परतली. बोरीच्या झाडाखाली तिनं पोरांची चित्रशाळा मांडली. कागद कुठला? पोरं ओल्या वाळूवर काठीनं चित्रं काढायची, नदी ती पुसून टाकायची. बख्तावरच्या वाळूतल्या मासोळीवर बगळे झडप घालायचे, असं म्हणतात.

झाडाखालची जागा मात्र गावच्या जमीनदाराची, वडेरा सोभदारची. त्याच्या डोळ्यांत ही शाळा खुपायची. "उस्तादनी, या रेघोट्यांचा हिवाळ्याच्या आत काही उपयोग दाखवा. नाहीतर जागा मोकळी करा!"

बख्तावर मोठी खमकी. तिनं गेरू आणि नीळ कालवली. नावेला वाट दिसावी म्हणून तिच्या पुढच्या टोकावर दोन डोळे रंगवायची तिथे चाल होती. ते काम म्हाताऱ्यांचं. बख्तावरनं कुंचले पोरांच्या हाती दिले.

सगळ्यांत धाकट्या सोनीनं मामाच्या नावेवर एक डोळा उलटा काढला, मागे पाहणारा. गाव खो खो हसलं.

"पुसा तो!" वडेरा गरजला.

सोनी रडवेली झाली. "बाबाची नाव सगळ्यांत मागे असते. तिच्याकडे कोण बघणार?"

"नाही पुसायचा," बख्तावर म्हणाली. वडेऱ्यानं आपल्या नावेला पोरांना हातसुद्धा लावू दिला नाही.

हिवाळा लागला आणि असं धुकं पडलं, की स्वतःचा हात दिसेना. नावा परतत होत्या, तोच मामाची नाव आपणहून मागे वळली. मामानं वल्ही मारमारून पाहिली, पण ऐकेल तर शपथ! ती थेट जाऊन, सोनीच्या बाबाच्याही मागे राहून भोवऱ्यात गरगरणाऱ्या एका नावेला खेटली. आत वडेरा होता. मामानं दोर टाकून त्याची नाव भोवऱ्यातून ओढून काढली.

काठाला लागताच तो बोरीखाली येऊन बसला. "उस्तादनी, शाळा इथेच राहील. माझ्या नावेवरही असाच डोळा काढा."

बख्तावरनं त्याच्या हातात काठी दिली. "आधी वाळूवर गिरवा."

अजूनही लालबेल्यात नवी नाव पाण्यात सोडताना गावातलं सगळ्यांत धाकटं पोर तिचे डोळे रंगवतं, त्यातला एक मागे पाहणारा. आणि रोज संध्याकाळी काठावरून हाक जाते, "उस्तादनी विचारतेय, मागचा आला का?" पाण्यावरून "आलो!" असं उत्तर येईपर्यंत कुणी घरी जात नाही.