पांढऱ्या पट्टीवरचं बोट

“...आता तरी वाळला असेल का हो सर?”

“असेल.”

“बघू?”

शांतवन मास्तर मोटारसायकलची टाकी घासत राहिले. सुमेधनं बोट लावलंच.

उचललं तेव्हा पांढऱ्या रंगावर ठसा उमटला होता. रेघांसकट. आधार कार्डासाठी दिल्यासारखा.

“अरे देवा...”

“पॉलिशपेपर घे,” मास्तर म्हणाले. “पहिल्यापासून.”

हे बुधवारचं. मंगळवारीही हेच झालं होतं. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

जालन्यात मास्तरांच्या घरापुढच्या शेडला लागून माझं कुलर दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तर सकाळी दोन तास पोरांना गिटार शिकवतात आणि मग दिवसभर मोटारसायकलींच्या टाक्या रंगवतात. चर्चमध्ये चाळीस वर्षं वाजवली त्यांनी. बोलणं मात्र एवढंच, वर ऐकलंत तेवढं.

सुमेध खरात त्यांचा सगळ्यांत हुशार चेला. बारा वर्षांचा असताना आला आणि सहा वर्षं शिकला. शिकला म्हणजे काय, तिथंच राहिला म्हणा ना. दुपारचं जेवण रोज मास्तरांच्या बायकोच्या, राहेलबाईंच्या हातचं. पुण्याला निघाला तेव्हा मास्तरांनी स्वतःची इलेक्ट्रिक गिटार काढून त्याच्या खांद्याला अडकवली. लाल रंगाची, आणि तारांखाली पांढरी प्लास्टिकची पट्टी. तिला पिकगार्ड म्हणतात. वाजवताना लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून ती असते.

पुण्यात पोराचं नाव झालं. मोठमोठ्या कार्यक्रमांत वाजवायला लागला. मग एका सत्काराच्या वेळी कोणीतरी त्याच्यापुढे माइक धरला.

“गिटार कोणाकडे शिकलात?”

“कुणाकडेच नाही,” हा म्हणाला. “माझा मीच शिकलो.”

टाळ्या पडल्या.

तो व्हिडिओ जालन्याला पोचायला कितीसा वेळ लागतो? माझ्याच फोनवर आला. आणि मी एक शहाणा, पोराचं कौतुक दाखवायला फोन घेऊन धावत मास्तरांकडे गेलो. आधी स्वतः शेवटपर्यंत बघून तरी घ्यावं की नाही! नवराबायको एका बाकड्यावर बसून बघत होते. मी मागं उभा. ते वाक्य आलं आणि मला फोन हिसकावून घ्यावासा वाटला.

संपल्यावर मास्तर म्हणाले, “गिटार चांगली सुरात लावलीय त्यानं.”

राहेलबाई उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्या घरात सुमेधचं नाव निघालं नाही.

त्याला आठ महिने झाले. आणि परवाच्या मंगळवारी सकाळी पोरगा गिटार घेऊन दारात उभा. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. पाया पडायला वाकला, तसा मास्तरांनी दंडाला धरून वर घेतला.

“सर, मला माफ करा. त्या दिवशी मी काय बोललो... मला झोप नाही सर. वाजवायला बसलो की तेच वाक्य कानात येतं आणि हात थांबतो. दोन कार्यक्रम सोडले मी.”

“केलं माफ.”

इतक्या चटकन म्हणाले की मीच चाट पडलो. सुमेधचा तर विश्वासच बसेना.

“खरंच सर?”

“हो. गिटारला काय झालं?”

काय झालं होतं ते दिसतच होतं. पुण्यातल्या मित्रांना ती पांढरी पट्टी जुनाट वाटली, म्हणून ह्या महाशयांनी स्प्रेचा डबा आणून तिच्यावर काळा रंग मारला होता. न घासता, न पुसता. आता त्याचे पापुद्रे निघत होते.

“मला ती पुन्हा पांढरी करायचीय. तुमच्याकडं होती तशी.”

“कर मग.”

“मी?”

“रंग कोणी मारला?”

सुमेध खाली बसला. तारा सैल करून काढल्या. पट्टीचे अकरा स्क्रू काढून वाटीत ठेवले, वायरी सोडवल्या. मास्तर सांगू लागले, की चकचकीत प्लास्टिकवर रंग धरत नाही, आधी त्याची चमक...

“माहितीय सर, ते माझं मीच शिक...” तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

मी हसू दाबलं. मास्तरांनी पॉलिशपेपर पुढे केला.

दोन तास घासत होता. काळा रंग गेला, चमक गेली, पट्टी खडूसारखी झाली. साबणानं धुतली, पुसली, प्रायमर मारला, वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला. धूळ बसू नये म्हणून मास्तरांनी आतून दुधावर झाकायची जाळी मागितली. राहेलबाईंनी दारातून नुसता हात बाहेर काढला. जाळी दिली, हात आत गेला.

मग चहा आला. दोन कप. एक मास्तरांना, एक मला.

सगळ्यांनी पाहिलं. मास्तरांनी आपला अर्धा चहा बशीत ओतून बशी सुमेधकडे सरकवली.

तो बशी हातात धरून बसला.

“सर, तुम्ही रागावला नाहीत ना?”

“नाही.”

“मनातसुद्धा नाही?”

“मनातसुद्धा नाही.”

थोडा वेळ गेला... जाळी उचलली. बोट लावलं. ठसा.

मंगळवार असा गेला.

बुधवारी पुन्हा घासणं, धुणं, प्रायमर, रंग. आणि पुन्हा दर दहा मिनिटांनी तेच. “सर, खरंच माफ केलं ना?” “हो.” “माझ्या समाधानासाठी म्हणत नाही ना?” “नाही.” “तसं असेल तर सांगा, मला चालेल.”

शेवटी माझंच डोकं सटकलं.

“अरे माणूस हो म्हणतोय ना!” मी ओरडलो. “आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ का तुला?”

“गंगाधर,” मास्तर म्हणाले, “चहा पी. निवतोय.”

त्या दिवशी चहाचे तीन कप होते. तिसऱ्याला बशी नव्हती. राहेलबाईंनी तो सुमेधसमोर फरशीवर ठेवला, त्याच्याकडे न बघता.

आणि मग ते बोट. तुम्ही सुरुवातीला पाहिलंत ते.

यावेळी मात्र सुमेधनं पॉलिशपेपर घेतला नाही. ठसा उमटलेली पट्टी मांडीवर धरून बसून राहिला.

“सर, तुम्ही मला शिव्या द्या,” तो एकदम म्हणाला. “कानाखाली मारा. सगळ्यांसमोर मारा. त्यानं तरी बरं वाटेल. तुम्ही नुसतं हो म्हणता आणि मी घरी जातो, आणि वाटेतच वाटतं की नाही, हे खरं नाही. ह्यांच्या मनात असणारच. मी असतो तर माझ्या मनात असतं!”

मास्तर टाकी पुसत होते. पुसत राहिले...

“आणि तुमच्या मनात असेल तर मला ह्या गिटारवर बोट ठेवायचा हक्क नाही सर. मग मी ही इथंच ठेवून जातो.”

हे त्यानं अगदी हळू म्हटलं. मला माझ्या मघाच्या ओरडण्याची लाज वाटली. पोरगं नाटक करत नव्हतं. हे असंच राहिलं असतं तर ते खरोखर गिटार तिथं टाकून गेलं असतं, आणि पुन्हा कधी कुठलीच उचलली नसती.

मास्तरांनी हातातली चिंधी खाली ठेवली.

“उद्या ये,” ते म्हणाले. “लवकर ये. ऊन चांगलं असतं.”

गुरुवारी मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं आणि शेडमध्ये जाऊन बसलो. सुमेधनं घासलं, धुतलं, प्रायमर मारला. हात आता सफाईनं चालत होता. तो स्प्रेचा डबा हलवायला लागला तसे मास्तर उठले, मोरीकडे गेले आणि साबणदाणीचं तुटकं झाकण घेऊन आले. ते घासून, पुसून त्यांनी पट्टीच्या शेजारी ठेवलं.

“दोन्हीवर मार. एकदमच.”

“हे कशाला सर?”

“मार.”

त्यानं मारला. पट्टीवर आणि झाकणावर, एकाच फवाऱ्यात. मास्तरांनी पट्टीवर जाळी ठेवली. झाकण मात्र सुमेधच्या गुडघ्याशी आणून ठेवलं.

“बोटाला चैन पडत नाही ना तुझ्या?”

“नाही सर.”

“मग ह्याला लाव. हवं तेवढं.”

“आणि पट्टीला?”

“पट्टीकडं बघूसुद्धा नको.”

सुमेध मास्तरांकडे बघत राहिला. मग त्यानं झाकणाला बोट लावलं. चिकटलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. ठसा. पुन्हा लावलं. पुन्हा ठसा. बाहेर एप्रिलचं ऊन तापत होतं आणि हा बसल्या बसल्या साबणदाणीचं झाकण चिवडत होता. बाराच्या सुमाराला ठसे पुसट व्हायला लागले. दोन वाजता त्यानं बोट लावलं, उचललं, वाकून पाहिलं. काही नाही. अंगठा दाबून पाहिला. नख फिरवून पाहिलं. काहीच नाही.

गंमत म्हणजे तेवढ्या वेळात त्यानं मास्तरांना एकदाही काही विचारलं नाही. मी मोजत होतो.

“सर... झालं वाटतं.”

“मग उचल जाळी.”

उचलली. पट्टी पांढरीशुभ्र. एक डाग नाही, एक कण नाही. सुमेधनं सोडलेला श्वास मला माझ्या स्टुलावर ऐकू आला. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. तीन दिवस माझ्या दुकानात एक कुलर उघडला गेला नव्हता.

वायरी जोडल्या, अकरा स्क्रू बसवले, तारा चढवल्या. मास्तरांच्या जुन्या स्पीकरला पिन लावून सुमेध वाजवायला लागला. आधी भीत भीत. मग हात सुटला. काय वाजवलं म्हणता! रस्त्यावरचा हातगाडीवाला थांबून ऐकायला लागला. आठ महिन्यांनी हात कुठंही अडला नाही.

आणि मग एकाएकी थांबला.

“सर...”

मी कपाळाला हात लावला. आलं पुन्हा तेच!

पण त्यानं ते विचारलं नाही. साबणदाणीचं झाकण उचलून उलटसुलट करून पाहिलं.

“सर, पट्टीचं कळलं. पण तुमचं... तुमचं मी कसं बघू?”

मास्तर चिंधीनं बोटांचा रंग पुसत होते. एक बोट पुसलं, दुसरं पुसलं...

“तो व्हिडिओ आम्ही दोघांनी एकदमच पाहिला होता,” ते म्हणाले. “ह्याच बाकड्यावर.”

आणि हनुवटीनं त्यांनी आधी ते झाकण आणि मग आतलं दार दाखवलं.

सुमेधचा चेहराच उतरला. तीन दिवसांत राहेलबाई त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मास्तरांच्या हातची थप्पड खाणं परवडलं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तरी उठला. उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. मीही स्टुलावर पुढं सरकलो.

“मावशी...”

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थापणं थांबलं.

“मावशी, मी...”

...

“ऐकू येतंय. बहिरी नाही झाले अजून,” आतून आवाज आला. “काय हाडं दिसायलीत रे तुझी! पुण्यात जेवायला देत नाहीत का कोणी? रंगाचे हात घेऊन आत येऊ नको, आधी मोरीवर जाऊन हात धू. आणि त्या गंगाधरभाऊंनाही विचार जेवणार का. काम ना धंदा, तीन दिवस बसूनच आहेत.”

भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सुमेध उंबऱ्यातच खाली बसला आणि रडायला लागला. नाक ओढत, बाहीला पुसत, लाज सोडून. रडता रडताच त्याला हसू फुटलं. माझ्या डोळ्यांत थिनर गेलं होतं, म्हणून मी तोंड फिरवलं.

मग त्यानं वळून मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर रंगाच्या डब्याचं टोपण लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“काय रे... उमटलं का बोट?”