कडू पानावरचं अंडं

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी रानलिंबाची झुडपं होती, आणि त्या झुडपांवर पिवळ्या फुलपाखरांची वस्ती होती.

त्यांची एक रीत होती. अंडं घालण्याआधी पान पायांनी चाचपून बघायचं. फुलपाखराला चव पायांनी कळते बरं का! आपण अळी असताना खाल्लेली चव लागली, तरच तिथे अंडं घालायचं, नाहीतर पुढे चला. सोयरीक जुळवताना माणसंही इतकं खोदून बघत नाहीत.

पुढे उन्हाळे वाढत गेले आणि पाऊस लांबू लागला. रानलिंबाची पानं वाळून कडकडीत झाली. एका तरुण फुलपाखरीण बाईच्या पोटात अंडी होती, पण कोवळं पान काही सापडेना. शेवटी ती डोंगराकडे निघाली.

तिची मावशी म्हणाली, "कुठे निघालीस?"

"वर. तिथे अजून गारवा आहे."

"अगं, वर रानलिंब कुठलं? आपल्या सात पिढ्या इथेच वाढल्या. धीर धर, पालवी फुटेल."

मावशी काही दुष्ट नव्हती. तिचा जीव त्या झुडपांत अडकला होता, इतकंच.

वर गेल्यावर भाचीला एक हिरवंगार झुडूप दिसलं. वास लिंबासारखा, पण पायांना पान कडू लागलं. ती उडाली, परत आली, पुन्हा उडाली. अंडी काही थांबणार नव्हती. अखेर जड मनाने तिने ती तिथेच घातली.

अळ्या निघाल्या. बऱ्याच जणींनी एक घास घेतला आणि तोंड फिरवलं. त्या उपाशी मेल्या. आई बघत राहिली आणि खूप रडली. पण काही मोजक्या अळ्या खात राहिल्या. त्या शूर नव्हत्या की शहाण्या नव्हत्या. त्यांचं पोट जन्मतःच जरा वेगळं होतं.

काही दिवसांनी मावशी वर आली. तिचे पंख फाटले होते.

"पालवी फुटलीच नाही गं," ती म्हणाली. "माझी पोरं खायला न मिळून गेली. आता एकच अंडं उरलंय."

'बघ, धीर धरून काय मिळालं?' असं म्हणता आलं असतं. पण भाची कोवळ्या पानावरून बाजूला सरकली.

मावशीने पाय टेकले. "कडू आहे गं."

"कडूच आहे, मावशी. माझीही पुष्कळ पोरं त्यानेच गेली. पण थोडी जगली."

मावशीने पाय उचलले, परत टेकले, आणि अंडं घातलं. त्यातून निघालेली अळी पानाच्या कडेला जी चिकटली, ती पोट भरेपर्यंत उठलीच नाही.

त्या जगलेल्यांची पोरं आणि पोरांची पोरं आज डोंगरमाथ्यावर बागडतात. त्यांना ते पान कडू लागतच नाही.

तात्पर्य काय, तर दिवस बदलले की रीतही बदलावी लागते, आणि त्याची किंमत कुणीतरी आधी मोजलेली असते. म्हणून मागून येणाऱ्याला टोमणा मारू नये, जागा द्यावी.