भिंगरीच्या थैलीतले खडे

त्या राज्यात मत तोंडाने देत नसत, खड्याने देत. घोड्यांच्या शर्यतीविषयी कोणाला काही म्हणायचे असले, की त्याने जवळच्या ढिगातून एक खडा उचलावा, आपले म्हणणे त्याच्यावर एकदा पुटपुटावे आणि ज्या घोड्याविषयी ते असेल त्याच्या खोगिराला बांधलेल्या थैलीत टाकायला तो हातोहात खाली धाडावा, अशी रीत होती. घोडा ती थैली घेऊन धावे.

ही रीत कोणी घातली ते कोणाला आठवत नव्हते, पण ती न्याय्य आहे याविषयी शंका नव्हती. जिंकणाऱ्या घोड्याविषयी सगळेच बोलत, म्हणून त्याची थैली फुगे, म्हणून आज ना उद्या तो मागे पडे आणि दुसराच कोणी पुढे येई. त्यामुळे पैज रंगे. पैज साधी होती. प्रेक्षक दगडी पायऱ्यांवर बसत. ज्याचा अंदाज खरा ठरे तो एक पायरी वर चढे, ज्याचा चुके तो एक पायरी उतरे. जितकी वरची पायरी, तितका मोठा खडा टाकण्याचा हक्क. अगदी वरच्या पायरीवरून घोडे मुंगळ्यांएवढे दिसत आणि तिथे बसणाऱ्यांचे खडे लिंबाएवढे असत.

आणखी एक नियम होता. जो घोडा लागोपाठ तीन शर्यतींत शेवटचा येई, त्याला पलीकडच्या कुरणात पाठवत. तिथले गवत छातीइतके उंच आहे असे सांगत. तिथून कोणी परत आले नव्हते, पण याचा अर्थ तिथे फार बरे असावे असाच लावला जाई. शर्यत सुरू करणारा नगारा मात्र दरवर्षी नव्या कातड्याने मढवलेला असे.

भिंगरी नावाची तांबडी घोडी लागोपाठ दोनदा शेवटची आली होती.

तीन वर्षांपूर्वी ती ओळीने सात शर्यती जिंकली होती. त्या दिवसांत पायऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. तिची मान कशी, तिचे वळण कसे, तिची आई कोण. तिच्याविषयी इतके बोलले गेले, की थैली दोनदा उसवली आणि दोनदा मोठी शिवावी लागली. मग ती हरू लागली. हरू लागल्यावर ती का हरते याविषयी बोलणे आले. आता तिचा पुढचा डावा गुडघा सुजलेला होता, आणि गुडघ्याविषयीही मते होतीच.

शर्यतीच्या सकाळी पायऱ्या भरल्या. सर्वांत वर आप्पा बसला होता. आप्पा म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पटावर, एके काळी धावलेला म्हातारा बैल, ज्याचे अंदाज क्वचित चुकत.

"पायात आता काही राहिलं नाही तिच्या," आप्पा रवंथ करत म्हणाला. "आमच्या वेळी असं जनावर धावायला काढलंच नसतं."

"तुमच्या वेळी शेपट्या पिरगाळायचे, आप्पा," दोन पायऱ्या खालून कोंबडा म्हणाला. "ते बरं होतं का?"

"पिरगाळायचे. पण नियमानं पिरगाळायचे."

कोंबडा नियमांचा अभ्यासक होता. प्रत्येक घोड्याच्या पाठीवर वेताची छडी घेतलेले एक माकड बसे, आणि एका शर्यतीत माकडाने किती फटके मारावेत हा त्याचा आवडता विषय होता. नियम आठ फटक्यांचा होता. कोंबड्याचे मत सहा. या सहा आणि आठवर त्याने आयुष्य काढले होते, आणि सहा फटके मागणारा म्हणून पायऱ्यांवर त्याला फार दयाळू मानत.

चांदी नावाची शेळी या सगळ्यांत वेगळी होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही शेळी खालच्या पायरीवर बसे, कारण ती दर वेळी भिंगरीवरच पैज लावी. भिंगरी जिंकत होती तेव्हा चांदी सात पायऱ्या चढली होती आणि नंतर तिच्याचसाठी एकेक करून साऱ्या उतरली होती. भिंगरीला कुरणात पाठवतील या विचाराने तिला गेले पंधरा दिवस पाला गोड लागत नव्हता. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने चळवळ उभारली.

पंधरा दिवस ती पायरी पायरी फिरली. म्हशींना समजावले, मेंढ्यांना एकेकीला गाठले, माळावरच्या गाढवांच्या तर घरी जाऊन आली. म्हणणे एकच होते: भिंगरीचा भार कमी झाला पाहिजे. पुष्कळांना ते पटले. ज्याला पटले त्याने रीतीप्रमाणे खडा उचलला, "भिंगरीचा भार कमी करा" असे त्यावर पुटपुटून तो चांदीच्या हवाली केला. आप्पानेसुद्धा दिला. वरच्या पायरीचा, लिंबाएवढा.

"आता पाहा म्हणावं," मेंढ्यांची म्होरकी म्हणाली. "एवढी मतं पडल्यावर पंचाला ऐकावंच लागेल."

असे एकूण दोनशे बारा खडे जमले. शर्यतीच्या सकाळी चांदीने ते सहा खेपा करून पायथ्याशी वाहून आणले. तिथे दगडी ओट्यावर घोडे उभे करून दर शर्यतीआधी रिकाम्या थैल्या नव्याने भरत. पंच होता बगळा. तो एका पायावर उभा राहून प्रत्येक खडा मोजत होता.

"हे भिंगरीचे," चांदी धापा टाकत म्हणाली. "भार कमी करण्याबद्दलचे. दोनशे बारा."

"भरघोस आहेत," बगळा म्हणाला, आणि त्याने ते एकेक करून भिंगरीच्या थैलीत टाकले.

खोगिराचा पट्टा करकरला. भिंगरीचा डावा गुडघा एकदा आत वाकला आणि कसाबसा सरळ झाला. चांदी इतक्या जवळ प्रथमच उभी होती. पायऱ्यांवरून घोडीची मान दिसे, चाल दिसे. इथून पट्ट्याखालची सोललेली कातडी दिसत होती आणि तिच्यावर बसलेल्या माश्या दिसत होत्या.

भिंगरीने मान वळवली. "हे एवढे कुणाचे, बाई?"

"तुझ्या बाजूचे आहेत गं," चांदी म्हणाली. "सगळे तुझ्या बाजूचे."

"असं होय," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला आपलं वाटलं, विरुद्धचे असतील. त्यांचं पण असंच लागतं पाठीला."

चांदीने थैलीकडे पाहिले. मग बगळ्याकडे वळून म्हणाली, "काढा ते."

"टाकलेला खडा पंचाला काढता येत नाही."

"मी काढते."

"दुसऱ्याचा खडा काढता येत नाही. मत ज्याचं त्याचं असतं." बगळ्याने पाय बदलला. नियम विचारणारा कोणी भेटला की त्याला बरे वाटे. "तेरावा नियम आहे. ज्याला आपलं मत परत घ्यायचं असेल त्यानं स्वतः खाली यावं, स्वतःच्या तोंडानं आपला खडा उचलावा आणि पुढच्या शर्यतीपर्यंत तो स्वतःच्या गालात ठेवावा. माझ्या आजोबांच्या कारकिर्दीपासून तरी कोणी आलेलं नाही."

"का?"

"गालात खडा ठेवून बोलता येत नाही," बगळा म्हणाला.

नगारा वाजायला थोडाच अवकाश होता. चांदीने थैलीत तोंड घातले. तिचा स्वतःचा खडा तळाशी होता, कारण तो सर्वांत आधी टाकलेला होता. तिने तो शोधला, उचलला, गालात धरला. थैली होती तेवढीच दिसत राहिली.

मग ती पायऱ्या चढू लागली. खालच्या पायरीवर तिला कोणी काही विचारले. ती उत्तर देऊ शकली नाही. ज्या शेळीने पंधरा दिवस कोणाला उसंत दिली नव्हती, ती मुकाट्याने वर चालली आहे हे पाहून पायऱ्यांवरची कुजबूज थांबली. ती थेट आप्पासमोर जाऊन उभी राहिली. गाल फुगलेला, डोळे त्याच्यावर.

"काय झालं गं पोरी? दाढ दुखते का?"

चांदीने मान हलवली आणि खाली पाहिले. परत त्याच्याकडे पाहिले. परत खाली.

आप्पा बराच वेळ रवंथ करायचे विसरला. मग उठला. त्याला वरच्या पायरीवरून उतरताना कोणी पाहिले नव्हते. जे पैज हरत तेच उतरत. एकेक पायरी उतरायला त्याला वेळ लागला, आणि त्याला वेळ लागतो आहे याविषयीही दोन-तीन मते तिथल्या तिथे तयार झाली. ओट्याशी पोचल्यावर तो भिंगरीच्या पट्ट्यापाशी उभा राहिला. जू वाहिलेल्या खांद्यावर केस उगवत नाहीत. आप्पाच्या खांद्यावरही उगवले नव्हते. त्याने आपला लिंबाएवढा खडा हुडकला आणि गालात घातला.

आता पायऱ्यांवर चुळबूळ सुरू झाली. आप्पा खाली गेला आणि तोंडात काहीतरी घेऊन उभा आहे, एवढेच वरून दिसत होते.

"खाली काही वाटतायत का?" एका म्हशीने विचारले.

"वाटत असतील. त्याशिवाय आप्पा कशाला उठेल?"

"मग आपण का बसलोय?"

आणि रांग लागली. मेंढ्या आल्या, गाढवे आली, मागून म्हशी आल्या. रांगेत काय मिळते ते पुढच्याला ठाऊक नव्हते आणि मागच्याला पुढचा सांगेना, कारण पुढे गेलेल्या प्रत्येकाच्या गालात खडा होता. ओट्याशी पोचल्यावर मात्र प्रत्येकाला तो सोललेला पट्टा आणि तो गुडघा हातभर अंतरावरून दिसे. काहींनी ते पाहून खडा उचलला. काहींनी, पुढच्याने उचलला म्हणून उचलला. बगळा दोन्ही सारखेच मोजत होता, आणि थैलीलाही फरक कळत नव्हता.

कोंबडा तेवढा जागचा हलला नाही. "माझा खडा राहील," तो म्हणाला. "त्या घोडीशी माझं वाकडं नाही. पण मी तत्त्वाचा कोंबडा आहे." त्याच्यासारखे आणखी पन्नास-साठ होते. त्यांचे खडे राहिले.

नगारा वाजला.

अकरा घोडे सुटले आणि पायऱ्यांवरून आवाज उठला नाही. एरवी या क्षणी अशी आरोळी उठे, की माकडांच्या अंगात येई आणि छड्या आपोआप वर जात. आज पाच-पन्नास गळे ओरडले, पण आजूबाजूला कोणी साथ देईना, तेव्हा तेही ओशाळून थांबले. भिंगरीवरच्या माकडाने छडी उचलली आणि सवयीने कानोसा घेतला. फक्त खुरांचा आवाज येत होता, आणि त्याच्या मांड्यांखाली घोडीचा श्वास. त्याने छडी तशीच धरून ठेवली. मग हात अवघडला म्हणून खाली घेतली.

पहिल्या वळणावर भिंगरी शेवटची होती. चांदी खालच्या पायरीवर उभी राहून पाहत होती, आणि तिच्या जिभेला खड्याची खारट चव लागत होती. दुसऱ्या वळणावरही भिंगरी शेवटची होती. तिथे तिचा डावा गुडघा वाकला. पायऱ्यांवरच्या अर्ध्या जनावरांनी एकदमच स्वतःचा डावा पाय आखडून घेतला. गुडघा सरळ झाला. पाठीवरचे ओझे हलके आहे हे घोडीला बहुधा तिथेच नीट समजले, कारण तिने मान लांब केली आणि बऱ्याच दिवसांनी कोणी पाहिली नव्हती अशी एक ढांग टाकली.

ती जिंकली नाही. ती आठवी आली. तिच्यामागे तिघे होते, आणि अगदी शेवटी जो कोवळा काळा घोडा आला, त्याची शेवटची येण्याची ही पहिलीच खेप होती. बगळ्याने चोच खाली करून दोनदा मोजले आणि जाहीर केले, की आज पलीकडच्या कुरणात कोणाला पाठवायचे नाही.

पायऱ्यांवर मोठा उसासा उमटला. गालात खडे होते म्हणून तो नाकांतून आला, आणि पायथ्याशी धूळ उडाली.

बहुतेक सगळे पैज हरले होते. ते निमूटपणे एकेक पायरी उतरून बसले, आणि खालच्या पायरीवर दाटी झाली. तिकडे माकडाने खोगीर सोडले. भिंगरी क्षणभर तशीच उभी राहिली, जणू अजून काहीतरी काढायचे राहिले आहे. मग ती मैदानाच्या मधोमध गेली, पुढचे पाय दुमडून बसली, आडवी झाली आणि चारी पाय वर करून लोळू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाठ वाळूला घासत ती अशी लोळत होती, की तिच्या सुजल्या गुडघ्याचीही तिला आठवण नसावी.

चांदीला राहवेना. तिने पायरीच्या कडेवरून उडी मारली आणि ती वाळूत उतरली. कोणीही प्रेक्षक आजवर तिथे उतरला नव्हता. मनाई नव्हती, पण गरजही कोणाला वाटली नव्हती.

तिचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले.

तिने एक पाय उपसला, पुढे टाकला. तो रुतला. दुसरा उपसला. वरून सपाट, मऊ, सोनेरी दिसणारी ती वाळू प्रत्येक पावलाला तिचा पाय धरून ठेवत होती. दहा पावलांत तिला धाप लागली. वीस पावलांत तिच्या मांड्या थरथरू लागल्या. भिंगरी अजून कितीतरी लांब होती.

"शेळी फारच हळू चालते बुवा," पायऱ्यांवरून कोंबडा म्हणाला.

त्याच्या शेजारी आता आप्पा बसला होता. त्याने कोंबड्याकडे पाहिले आणि गालातला खडा या बाजूचा त्या बाजूला केला.

मैदानात भिंगरी उठली. तिने अंग झाडले, वाळूचा एक ढग उडाला आणि विरला. तिने चांदीला पाहिले. लंगडत, सावकाश ती चांदीपर्यंत आली, तिच्यापुढे वळून उभी राहिली आणि परत मैदानाच्या मधोमध चालू लागली. तिचे जड खूर वाळू दाबत होते. मागे एकामागोमाग एक खळगे उमटत होते, खोल आणि टणक तळाचे. चांदीने पहिल्या खळग्यात पाय ठेवला. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात.