अमिराचे नाव

पाहुणेमंडळी, भुयारी कालव्याच्या तोंडावरची ही शिळा पाहा. नाव कोरण्यासाठीच बसवली होती, पण तिच्यावर एक अक्षर नाही. पाणी पोटभर प्या. नाव मात्र आम्हाला विचारू नका.

असे सांगतात, की बगदादच्या खलिफांची सत्ता या डोंगरांपर्यंत होती, तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्या भावाला इथला अमीर, म्हणजे सुभेदार, करून पाठवले. लोकांना वाटले, भावाचा मान केला. खरे तर राजधानीत तो डोळ्यांत सलत होता. म्हणून त्याच्या पाठोपाठ टपालाचा दारोगाही आला. टपाल हे निमित्त. अमीर कोणाला भेटतो, काय बोलतो, हे वर कळवणे हा त्याचा खरा धंदा.

गावात तेव्हा सगळ्या विहिरी खारट. अमिराने डोंगराच्या पोटातून हे गोडे पाणी आणले. ते आले त्या दिवशी तो स्वतः गुडघाभर चिखलात उभा राहून हसत होता म्हणे. शिळेवर खलिफांचे नाव कोरा, असे त्याने बजावले. आमच्या पूर्वजांना ते रुचले नाही. खलिफांनी इथे कधी कुदळ मारली होती?

शुक्रवारच्या प्रवचनात राज्यकर्त्याचे नाव घेऊन दुवा मागायची रीत होती. ज्याचे नाव, त्याचे राज्य. ते नाव बदलणे म्हणजे उघड बंड. आमचा खतीब, प्रवचन देणारा म्हातारा शुऐब, मनाने मेण, पण राजकारणातले त्याला ओ की ठो कळत नसे. पाणी आल्यानंतरच्या शुक्रवारी त्याने खलिफांच्या जागी अमिराचे नाव घेतले. सगळी मशीद मोठ्याने ‘आमीन’ म्हणाली.

पहिल्या रांगेतला अमीर पांढराफटक पडला. दारोगा नमाजालाही थांबला नाही.

“बाबा, हे काय केलंत?” अमिराने विचारले.

“हुजूर, तुमचं पाणी प्यायलो. मनात होतं ते ओठांवर आलं.”

“माझं मरण ओढवलंत, त्याचं काही नाही. पण आमीन सगळ्या गावानं म्हटलंय.”

तरुण पोरे भाले घेऊन आली. अमिराने त्यांना परत पाठवले. त्या वर्षी बदाम फार फुलले, असे सांगतात; पण फुलांकडे कोणी पाहिले नाही. सगळ्यांची नजर पश्चिमेच्या, बगदादकडच्या वाटेवर. एके सकाळी तिथे धूळ उठली.

खलिफांची फौज आली होती. तिच्या सेनापतीला हुकूम साधा होता. दोष गावाचा असेल तर गाव कापायचे आणि कालवा बुजवायचा. अमीर एकटा, अनवाणी, वेशीबाहेर गेला. “माझं नाव घ्यायला मीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तलवारीच्या धाकानं यांच्याकडून आमीन म्हणवून घेतलं.”

सेनापती खुळा नव्हता. त्याने सगळ्यांना मशिदीत बोलावले, साखळदंडातल्या अमिराला समोर उभे केले आणि शुऐबला म्हणाला, “धाक होता ना? मग आता याच जागेवरून, नाव घेऊन, याला शाप दे.”

शुऐबने अमिराकडे पाहिले. अमिराने हळूच होकाराची मान हलवली. आयांनी पोरांना घट्ट धरले होते. म्हाताऱ्याने नाव घेतले आणि शाप उच्चारला. मग सेनापती लोकांकडे वळून थांबला.

गाव म्हणाले, “आमीन.”

त्यावर गाव वाचले. अमिराला तिथून नेले ते कायमचे. शुऐब पुन्हा बोलला नाही.

पाथरवटाला मग कोणाचेच नाव कोरवेना. घरात मुलांना कोणी अमिराचे नाव सांगितले नाही, आणि दोन पिढ्यांत ते पुसून गेले. पहिल्यांदा घेतले तेव्हा त्याचा जीव गेला, दुसऱ्यांदा घेतले तेव्हा आमची लाज गेली. तिसऱ्यांदा घ्यायला तोंड कुठे उरले होते?

आजही आमच्या मशिदीत शुक्रवारी दुवा होतो. पण मोठ्याने आमीन कोणी म्हणत नाही. नुसते ओठ हलतात.