आवडूची सात मडकी

वायंगवळच्या देवळावर अजून कौलं चढली नव्हती, गवताचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कोणी मोजलेलं नाही. त्या काळी गावात आवडू नावाची एक बाई राहायची. ती माती खायची, असं म्हणतात.

खायची म्हणजे पोटासाठी नव्हे. आवडू रंग करायची. डोंगरउतारावर, ओढ्याच्या काठाला, जिथे मातीचा रंग पालटलेला दिसेल तिथे ती खाली बसायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि पुढच्या दातांनी चावून बघायची. कचकच लागली तर थुंकून पुढे जायची. लोण्यासारखी विरघळली तर पदरात बांधून घ्यायची. डोळे मिटून ती नुसत्या चवीवरून सांगायची, ही माती कोणाच्या बांधावरची, असं म्हणतात.

वाटेत भेटणारे तिची थट्टा करायचे. "आवडू, आज काय जेवलंस गो? डोंगर की न्हंयचो काठ?"

"डोंगर," आवडू म्हणायची. "मीठ जरा कमी पडला."

घरी आणलेली माती ती मडक्यात भिजवायची, हाताने ढवळायची आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या मडक्यात ओतून घ्यायची. खाली राहिलेली रेती फेकून द्यायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात. असं सात वेळा झालं की तळाशी जो गाळ बसायचा तो खरा रंग. तरी तिचा भरवसा नसायचा. एका फडक्याला आतून त्या गाळाचा लेप द्यायची, फडक्याची झोळी करायची आणि त्यात ओंजळभर पाणी ओतायची. एक थेंब जरी खाली गळला तरी सगळा रंग पुन्हा मडक्यात. ही रीत तिला तिच्या आईने शिकवली होती. आईने तिला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. डोंगरातली तांबडी माती खणताना खाली पांढरा चिकट थर लागला की हात थांबवायचा. "तांबडी माती आपली, धवी झऱ्याची," एवढंच ती म्हणायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि आवडूने विचारलं नाही.

आवडूच्या आईने जन्मभर रंग केला, पण कुंचला कधी हातात धरला नाही. रंग बायकांनी करायचा आणि भिंत चिताऱ्यांनी रंगवायची, अशीच तेव्हा पद्धत होती. एकदा तरी एक भिंत मिळावी असं आईच्या मनात होतं. ते मनातच राहिलं आणि मग ते आवडूच्या मनात आलं.

पुढे गावाने जांभ्या दगडाचं नवं देऊळ बांधायला काढलं. तेव्हा आवडू सरळ बाबल गावकाराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बाबल हा गावचा मुख्य माणूस. तोंडाने फटकळ, पण शब्दाला पक्का.

"माका एक भिंत व्हयी," ती म्हणाली.

बाबल हसला. "सात मडकी तांबडो रंग आण. आणलंस तर उगवतेकडची भिंत तुझी. चितारी भायरसून येतले, पण त्या भिंतीक हात लावचे नाय."

सात मडकी म्हणजे थट्टाच होती. टोपलीभर मातीतून मूठभर रंग निघतो. पण आवडू कामाला लागली. देऊळ उभं राहायला नऊ वर्षं लागली आणि नऊ वर्षांत आवडूची सहा मडकी भरली. उगवतेकडची भिंत गावाला पाणी देणाऱ्या झऱ्याच्या वाटेवरच होती. पाण्याला जाता-येता ती भिंतीवरच्या पांढऱ्या चुन्याकडे बघत उभी राहायची. काय काढणार, असं कोणी विचारलं की म्हणायची, "भिंत सांगात."

चैत्राच्या पुनवेला चितारी येणार असं ठरलं. पुनवेला महिना राहिला आणि सातवं मडकं रिकामंच होतं. आवडू झऱ्याच्या वरच्या बाजूला खणायला बसली. कोपरभर खणल्यावर पांढरा थर लागला. तिने हात थांबवला. पण त्या थराच्या आत तांबडी शीर गेली होती, रक्तासारखी लाल. आवडूने चिमूट जिभेवर ठेवली. इतकी मऊ माती तिने आयुष्यात चाखली नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पांढऱ्या थरात पहार घातली.

आठ दिवसांत सातवं मडकं भरलं. नवव्या दिवशी झऱ्याची धार बारीक झाली.

मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. खाली झऱ्याच्या पाण्यावरचं वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात पोटरीला आलं होतं. त्याची पानं वळू लागली. बायका एकेका घागरीसाठी अर्धा दिवस बसून राहू लागल्या. गाव देवळापुढे जमलं. त्याच आठवड्यात येसू नावाची नवी सून गावात आली होती. तिने पहिली घागर भरली आणि दुसऱ्या दिवशी पाणी आटू लागलं, हे कोणीतरी बोललं आणि मग सगळेच बोलू लागले. पोरीला माहेरी धाडायचं ठरत आलं. येसू खांबाला धरून उभी होती. तिच्या हातावरची हळदही अजून उतरली नव्हती.

आवडू मागे बसली होती. सकाळीच ती आपल्या खड्ड्यात उतरून आली होती. डोंगराच्या पोटातलं पाणी त्या पांढऱ्या मातीच्या थरावर तोललेलं होतं. तिने थर फोडला होता आणि पाणी भलतीकडेच जिरत होतं. आई का थांबायला सांगायची ते तिला आता कळलं. हे गावात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ती गप्प बसली असती तर पुनवेला भिंत तिची होती.

ती उठली. "त्या पोरीक कित्याक दोष देतास? झरो मिया फोडलो."

बाबलने कपाळाला हात लावला. "आणि आता काय करूचा?"

"सात मडकी आसत ना. त्या रंगातसून थेंब गळणा नाय."

"आणि तुझी भिंत?"

"भिंतीक तहान लागणा नाय," आवडू म्हणाली.

ती खड्ड्यात उतरली. आधी उकरलेली पांढरी माती तिने परत भरली आणि धोपटून घट्ट केली. मग रंगाचा हात फिरवायला लागली. लेपावर लेप, जसा फडक्याला द्यायची तसा. येसू न बोलावता आली आणि एकेक मडकं उचलून देऊ लागली. नऊ वर्षांचा रंग एका दिवसात मातीत गेला. सातवं मडकं दोघींनी बोटांनी निपटून घेतलं. दिवस मावळता मावळता झरा खोकल्यासारखा वाजला आणि धार आली. पण ती लालभडक.

तीन दिवस झऱ्याला लाल पाणी होतं, असं म्हणतात. भात शिजवला तर तो लाल, गाईंची तोंडं लाल, धुतलेली धोतरं लाल. बाबलच्या मिशासुद्धा लाल झाल्या होत्या, असं सांगणारेही आहेत. बायका घागरी भरून यायच्या, उगवतेच्या भिंतीपाशी टेकायच्या आणि घागर उतरवताना ओला हात भिंतीला लावायच्या. चौथ्या दिवशी पाणी काचेसारखं निवळ झालं. तेव्हा बाबलचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि त्याने गावाला हाक मारली.

भिंत हातांनी भरली होती. मोठे हात, लहान हात, खाली पोरींचे, वर उंच बायकांचे. सगळे मिळून एक डवरलेलं झाड झालं होतं. ते कोणी काढलं नव्हतं.

पुनवेला चितारी आले. बाबल त्यांना म्हणाला, "तीन भिंती तुमच्यो. ही झाली."

आवडू पुढे बरीच वर्षं जगली. एक दिवस ती माती शोधायला गेली आणि डोंगराने तिला आत घेतलं, असं काहीजण म्हणतात. ती म्हातारपणी आपल्या घरातच गेली, येसूने तिला शेवटचं पाणी पाजलं, असंही सांगतात. झाडातला एक हात तिचा आहे, पण कोणता ते कोणाला माहीत नाही. पावसाने ते हात धुतले नाहीत, चार वेळा देऊळ दुरुस्त झालं तरी ते तसेच आहेत.

वायंगवळमध्ये आजही माती खणली की खड्डा बुजवूनच घरी जातात. चैत्राच्या पुनवेआधी बायका सात वेळा गाळलेली तांबडी माती घेऊन झऱ्याच्या वर जातात आणि जुन्या लेपावर नवा लेप देतात. नवी सून आली की पहिली घागर तिलाच भरायला देतात, आणि तिचा ओला हात भिंतीला लावतात. एखाद्या वर्षी धार बारीक झालीच, तर सुनेकडे कोणी बघत नाही. हातात रंगाचं मडकं घेऊन सगळे आधी डोंगर चढतात, लेप कुठे फुटला ते बघायला.