सुदारूने उघडलेले शेवटचे डोळे

कृतयुगाच्या प्रारंभी, पृथ्वी अजून ओली असताना, कमलासन ब्रह्मदेवाने प्राण्यांच्या एकेका जातीची अंगठ्याएवढी मृण्मय प्रतिमा घडवली आणि तिचे डोळे कोरण्याचे काम सुदारू नावाच्या वृद्ध शिल्पीकडे सोपवले. देवांचे काय, आज्ञा दिली की मोकळे. मुंगीचा डोळा कोरणे म्हणजे काय, हे कोरणाऱ्यालाच विचारावे.

हाती सुवर्णशलाका, श्वास रोखलेला, मान वाकलेली, अशी त्याची सहस्र वर्षे गेली. नियम एकच, पण कडक होता. नुकत्याच उघडलेल्या दृष्टीत अपार तेज असते, आणि ती प्रथम ज्यावर पडेल ते त्या जातीच्या स्वभावात कायमचे उतरते. म्हणून प्रतिमेपुढे तुपाने भरलेले पात्र ठेवायचे आणि शिल्पीने बाजूला बसूनच डोळे उघडायचे. अशा रीतीने सिंहापासून सशापर्यंत सर्वांनी प्रथम तुपात स्वतःचेच मुख पाहिले, आणि जो तो आपल्याच जिवाला जपू लागला.

शेवटची प्रतिमा मनुष्याची होती. ती पूर्ण झाली की चिरविश्रांती, असे ब्रह्मदेवाचे वचन होते, आणि बिचारा सुदारू त्या एका वचनावर तग धरून होता. पण शरीर ते शरीर. नजर मंदावलेली, पाठ भरून आलेली. नीट दिसावे म्हणून पात्र क्षणभर बाजूला सारून तो प्रतिमेसमोर वाकला, आणि ते परत ठेवायचे विसरून त्याने शलाका फिरवली. डोळे उघडले ते थेट त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर. त्या मोहरीएवढ्या डोळ्यांत पाणी आले.

ब्रह्मदेव कोपला. प्रतिमा बिघडली, ती मोडून टाक, मनुष्यावाचून सृष्टीचे काही अडत नाही, तुला या क्षणी विश्रांती देतो, असे त्याने सांगितले. सुदारूने प्रतिमा तळहातावर घेतली. विश्रांतीसाठी त्याचे हाडन्हाड आसुसले होते, खोटे कशाला सांगू.

"पितामह," अखेरीस तो म्हणाला, "इतके डोळे मी कोरले, पण त्यांतल्या एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. हिने पाहिले. ही माझ्याच्याने मोडवणार नाही."

"मग ऐक," ब्रह्मदेव म्हणाला. "तुझा थकवा हिच्या डोळ्यांत उतरला आहे. ते दिवसअखेर जड होतील, अश्रू ढाळतील. तुला मात्र विश्रांती नाही. या जातीतील प्रत्येक जिवाचे डोळे गर्भात तूच कोरशील, आणि प्रत्येकाची पहिली दृष्टी थकलेल्या चेहऱ्यावरच पडेल."

सुदारूने हात जोडले, शलाका उचलली आणि पुन्हा मान वाकवली.

तो अजून कोरतोच आहे. म्हणून तर दारी कुणी आले की माणूस आधी त्याचा चेहरा पाहतो आणि पाणी पुढे करतो. आणि वेणा सोसून गळून गेलेल्या आईच्या कुशीत बाळ ठेवतात, तेव्हा ते प्रथम तिच्या तोंडाकडे टक लावून पाहते. अंगात त्राण नसताना तीही त्याच्याकडे पाहून हसते.