एकशे शहाण्णवाची माळ

"एकशे शहाण्णवाचा आकडा दोन्हीकडून सारखा वाचता येईपर्यंत नगरात एकही लग्न लागायचं नाही!"

भानुसेन राजाने फर्मान काढलं, आणि आवडी माळिणीच्या दारातला मांडव तसाच ताटकळला. हळद लागलेली, वऱ्हाड वेशीशी आलेलं, आणि राजाला हे खूळ!

खूळ असं, की कुठलाही आकडा घ्यायचा, तो उलटा करून त्यातच मिळवायचा, दोन्हीकडून सारखा होईपर्यंत. ५७ मध्ये ७५ मिळवले, १३२ झाले. त्यात २३१ मिळवले, ३६३! राजा टाळ्या पिटायचा. मग त्याने पागेतली घोडी मोजली. भरली १९६. उलटून मिळवले, ८८७ झाले. पुन्हा केलं, १६७५. पंडितांची बेरीज दरबारातून निघून हत्तीखान्यापर्यंत पोचली, पण आकडा काही जुळेना. राजा हट्टाला पेटला.

आवडी हळदीच्या अंगानेच दरबारात शिरली. काखेत फुलांची परडी.

"पंडितांनी हात टेकले, तू काय करणार गं?" राजा गुरगुरला.

"मला येतं तेच करते, महाराज!"

तिने दोरा घेतला. एक गुलाब, मग मरव्याचं पान. नऊ शेवंत्या, पान. सहा मोगरे, आणि मधोमध गोंडा.

"हा झाला तुमचा आकडा. पण अर्धी माळ गळ्यात कशी घालायची? दुसरी बाजू आम्ही उलट्या क्रमाने ओवतो, नाहीतर माळ वाकडी दिसते." भराभर सहा, नऊ, एक ओवून तिने माळ उंच धरली. "वाचा आता, हव्या त्या टोकाकडून!"

"एक, नऊ, सहा, सहा, नऊ, एक..." राजा दोनदा वाचून गेला आणि एकदम ओरडला, "लबाडी! हे तर दोन आकडे झाले!"

"तुमच्या बेरजेतही हेच दोन होते की, महाराज! तुम्ही एकाखाली एक मांडलेत, मी शेजारी शेजारी बसवले!"

पंडितांनी माना खाली घातल्या. राजा मात्र गडगडून हसला. "शाबास! घाल ती माळ माझ्या गळ्यात!"

आवडीने माळ झटकन मागे घेतली. "अहो महाराज, ही नवऱ्यामुलाची आहे!"

हसता हसता राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. राजवाड्यामागची फुलबाग त्याने तिथेच तिच्या नावे केली, आणि संध्याकाळी लग्नात मामा म्हणून तिच्या मागे स्वतः उभा राहिला!